कॉलर धरली, त्याचे पुढे काय?

मी तालुक्याच्या कोर्टात वकिली करतो. खून-दरोड्याची मोठी कामे माझ्या वाट्याला फारशी आली नाहीत. आली ती आपल्या वस्तीतली कामे. बांधावरची मारामारी, पोटगी, हातभट्टी, जुगार. आणि दरवर्षी न चुकता येणारे एक काम म्हणजे ‘दारूच्या नशेत पोलिसावर हात टाकला’. या शेवटच्या कामाविषयी लिहावे असे फार दिवस मनात होते. पण या विषयावर आपल्याकडे दोनच सूर ऐकू येतात. एक म्हणतो, प्यायचीच कशाला? दुसरा म्हणतो, पोलीस आपल्यालाच धरतात. दोन्ही खोटे नाहीत. पण रात्री साडेअकराला जिचा पोरगा गाडीत कोंबून नेला, त्या आईला या दोन्हींचा काडीचा उपयोग नसतो. आता नेमके काय होणार आणि आपल्या हातात काय आहे, एवढेच तिला कळायला हवे असते.

२०११ सालची गोष्ट सांगतो. पोरगा आमच्याच गल्लीतला, आयटीआय झालेला, वायरमनची कामे करणारा. नात्यातल्या हळदीला बेंजो वाजत होता. दहा वाजून गेले म्हणून बंदोबस्ताचा शिपाई वाजंत्री थांबवायला आला. पोरगा प्यालेला. बोलाबोली झाली, त्याने शिपायाची कॉलर धरली, शर्टाचे वरचे बटण तुटले. एवढेच. रात्र कोठडीत गेली. तिथे त्याला काय खावे लागले ते त्याच्या पाठीवर दुसऱ्या दिवशी दिसत होते, पण कोणत्याच कागदावर आले नाही. पुढे जामीन झाला. काही महिन्यांनी दोषारोपपत्र आले आणि तारखा सुरू झाल्या. प्रत्येक तारखेला एक दिवसाची मजुरी बुडायची. एका तारखेला मी दुसऱ्या गावच्या कोर्टात होतो. बाकावर शेजारी बसलेल्या कुणीतरी त्याला शहाणपण शिकवले: “कबूल करून टाक की. कोर्ट उठेपर्यंत बसायचं, दंड भरायचा, संध्याकाळी घरी.” त्याने कबूल केले. संध्याकाळी घरी आला. घरच्यांनी सुटकेचा श्वास टाकला. खोटे कशाला बोलू, मीही टाकला. एक काम कमी झाले.

तीन वर्षांनी त्याची एका सरकारी खात्यात निवड झाली. साक्षांकन नमुन्यात प्रश्न होता, आपणास कोणत्याही गुन्ह्यात शिक्षा झाली आहे काय? त्याने ‘नाही’ लिहिले. त्याच्या समजुतीप्रमाणे शिक्षा म्हणजे तुरुंग. तो तर दंड भरून मोकळा झाला होता. पोलीस पडताळणीत सगळे निघाले आणि निवड रद्द झाली. त्याची आई माझ्याकडे आली आणि म्हणाली, “वकीलसाहेब, ते तर मिटलं होतं ना?”

मिटले नव्हते. कोर्ट उठेपर्यंतची शिक्षा हीदेखील कारावासाचीच शिक्षा असते, मग ती चार तासांची का असेना. हे त्या दिवशी त्याला कुणी सांगितले नाही. हा लेख मी त्या आईच्या प्रश्नाला उत्तर म्हणून लिहितो आहे. उशीर झाला आहे हे मला कळते.

आधी कलमे पाहू. ती कंटाळवाणी असतात, पण दोषारोपपत्रावरचा आकडा वाचता आला तर माणूस निम्मा सावध होतो. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहिता जाऊन भारतीय न्याय संहिता आली. त्या तारखेच्या आधीच्या घटनेला जुने आकडे, नंतरच्या घटनेला नवे. आपल्या वस्तीत ‘तीनशे त्रेपन्न’ हा आकडा शेंबड्या पोरालाही पाठ होता. तेच कलम आता १३२ झाले आहे. सरकारी नोकर कर्तव्य बजावत असताना, किंवा त्याला कर्तव्यापासून रोखावे म्हणून, किंवा त्याने कर्तव्य केले याचा राग म्हणून त्याच्यावर हल्ला किंवा फौजदारी बळाचा वापर केला तर दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही. गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र. महाराष्ट्राने २०१८ साली आपल्यापुरती दुरुस्ती करून ३५३ ची शिक्षा पाच वर्षांपर्यंत नेली होती आणि खटला सत्र न्यायालयाकडे दिला होता. त्या काळातल्या घटनांचे खटले अजून त्याच मापाने चालतात. म्हणजे २०२३ साली कॉलर धरणारा सत्र न्यायालयात उभा राहतो आणि २०२५ साली धरणारा दंडाधिकाऱ्यापुढे.

नुसती कॉलर न धरता शिपायाला दुखापत झाली तर कलम १२१. साधी दुखापत असेल तर पाच वर्षांपर्यंत. गंभीर दुखापत असेल तर कमीत कमी एक वर्ष आणि जास्तीत जास्त दहा. साधी आणि गंभीर यांतली रेघ कुठे पडते हे पोरांना ठाऊक नसते. हाड मोडले तर गंभीर, हे सर्वांना समजते. पण दात पडला किंवा तुटला तरी कायद्याच्या भाषेत ती गंभीर दुखापतच. बुक्का तोच; गालावर बसला तर एक खटला आणि दातावर बसला तर दुसरा. नाकाबंदीत मोटारसायकल अंगावर घातली, डोक्यात दगड किंवा बाटली घातली, तर खुनाच्या प्रयत्नाचे कलम १०९ लावायला पोलीस मागेपुढे पाहत नाहीत. या सगळ्यांसोबत शिवीगाळीचे ३५२, धमकीचे ३५१, सरकारी कामात अडथळ्याचे २२१ आणि दारूबंदी कायद्याचे ८५ अशी शेपटे जोडलेली असतात. त्यांतल्या २२१ विषयी एक लक्षात ठेवावे. त्याची दखल घ्यायला त्या सरकारी नोकराची, किंवा तो ज्याच्या हाताखाली आहे त्या वरिष्ठाची, कोर्टाकडे लेखी तक्रार लागते. नुसत्या फिर्यादीवर ते चालत नाही. १३२ ला मात्र ही अट नाही. दोन्ही गुन्हे वेगळे आहेत, हे सर्वोच्च न्यायालयाने जुन्या कलमांच्या संदर्भात १९६६ सालीच दुर्गाचरण नाईक यांच्या खटल्यात सांगून ठेवले आहे.

आता मुख्य प्रश्न. “साहेब, त्याला शुद्धच नव्हती हो,” असे प्रत्येक आई म्हणते, आणि ते खरेही असते. कायदा त्यावर काय म्हणतो?

कायदा म्हणतो, शुद्ध तूच घालवलीस. न्याय संहितेचे कलम २३ नशेची सबब मान्य करते ते फक्त एकाच प्रसंगी: नशा त्याला नकळत किंवा त्याच्या मर्जीविरुद्ध दिली गेली, आणि त्यामुळे आपण काय करतो आहोत हेच त्याला कळत नव्हते. सरबतात कुणी काही मिसळले, कुणी धरून तोंडात ओतली, असे काही. मित्रांनी आग्रह केला, हे त्यात बसत नाही. कलम २४ म्हणते की स्वतःहून प्यालेल्या माणसाला शुद्धीवर असताना जेवढी जाणीव असती तेवढी होतीच असे धरून चालावे. जाणीव धरून चालावी, हेतू नव्हे. या फरकावर १९५६ साली बासदेव विरुद्ध पेप्सू राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला. सैन्यातून निवृत्त झालेला जमादार लग्नाला गेला होता, पुष्कळ प्याला होता. जेवणाच्या वेळी बसायच्या जागेवरून एका पोराशी कुरबूर झाली आणि त्याने पिस्तूल झाडले. पोरगा मेला. न्यायालयाने म्हटले की हेतू मात्र परिस्थितीवरून ताडावा आणि त्यात नशा किती होती हेही पाहावे. पण हा माणूस अधूनमधून झोकांड्या खात असला तरी स्वतःच्या पायांनी चालत आला, नीट बोलला, स्वतःची जागा निवडली आणि गोळी झाडल्यावर पळायलाही लागला. इतके ज्याला करता येते त्याला हेतू नव्हता असे कसे म्हणावे? खुनाची शिक्षा कायम झाली.

तेव्हा ‘फार पिली होती’ हा बचाव कोर्टात जवळजवळ कधीच उपयोगी पडत नाही. उलट तो देताना आपण एक मोठी चूक करतो. ‘पिली होती म्हणून केले’ असे म्हटले की ‘केले’ हे आपणच कबूल करून बसतो. आणि केले का, काय केले, हाच तर खरा प्रश्न असतो.

कारण प्रत्येक धक्का हा हल्ला नसतो. फौजदारी बळ म्हणजे काय हे कलम १२९ मध्ये दिले आहे. बळ जाणूनबुजून वापरलेले पाहिजे आणि त्यामागे गुन्हा करण्याचा, किंवा समोरच्याला इजा, भीती वा त्रास देण्याचा हेतू किंवा निदान तशी जाणीव पाहिजे. प्यालेला माणूस तोल जाऊन शिपायाच्या अंगावर पडला, तर जाणूनबुजून बळ वापरले असे होत नाही. दोन शिपायांनी दंडाला धरल्यावर त्याने हात झटकले, याचे काय? २०२४ च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने महेंद्रकुमार सोनकर यांच्या खटल्यात यावर निर्णय दिला. मध्य प्रदेशातला लाचेचा सापळा होता. धरल्यावर सुटण्यासाठी झटापट झाली आणि ३५३ लागले. पकडीतून निसटण्यासाठी केलेली ओढाताण म्हणजे हल्ला किंवा फौजदारी बळ नव्हे, असे म्हणून न्यायालयाने त्या कलमातून मुक्त केले. त्याआधी २०१५ साली माणिक तनेजा यांच्या प्रकरणात बंगळूरच्या वाहतूक पोलिसांवर टीका करणारा मजकूर लिहिल्याबद्दल ३५३ लावले होते. तेही टिकले नाही. शब्द कितीही कडू असले तरी अंगावर गेल्याशिवाय हे कलम लागत नाही. शिवी दिली तर शिवीचे कलम लावावे.

पण हे सगळे सिद्ध करायचे कशाने? फिर्यादीत ‘कॉलर पकडून, धक्काबुक्की करून, शिवीगाळ करून शासकीय कामात अडथळा निर्माण केला’ हे वाक्य शिक्का मारल्यासारखे असते. मी ते इतक्या फिर्यादींत वाचले आहे की त्यात कधी स्वल्पविरामही इकडचा तिकडे झालेला पाहिला नाही. त्या वाक्याच्या आत काय घडले ते उलटतपासणीत उकरून काढावे लागते. कुठल्या हाताने धरली? शर्ट जप्त केला का? बटण पंचनाम्यात आहे का? शिपायाला दवाखान्यात नेले ते किती वाजता? पंच कोण? आणि ते पंच याआधी त्याच ठाण्याच्या किती पंचनाम्यांवर सही करून बसले आहेत?

शिपाई त्या वेळी कर्तव्यावर होता का, हेही पाहायचे असते. ड्यूटी संपवून साध्या कपड्यांत अंडा-भुर्जीच्या गाडीवर बसलेल्या शिपायाशी प्लेटवरून भांडण झाले तर ते दोन माणसांचे भांडण आहे. त्याला साध्या मारहाणीचे कलम ११५. मात्र गेल्या महिन्यात याने आपल्याला धरले होते हा राग मनात ठेवून त्याच शिपायाला सुट्टीच्या दिवशी मारले, तर पुन्हा १३२ किंवा १२१ च.

इथे वाचक मला अडवतील. पोलिसाने आधी मारले आणि याने नंतर हात उचलला, तर? स्वसंरक्षणाचा हक्क आपल्याला नाही काय? हे उत्तर कडू आहे, तरी सांगतो. कलम ३७ म्हणते की सरकारी नोकर आपल्या पदाच्या नात्याने, सद्भावनेने काही करत असेल, तर त्याचे कृत्य कायद्याला तंतोतंत धरून नसले तरी त्याच्याविरुद्ध स्वसंरक्षणाचा हक्क नाही. अपवाद एकच. मृत्यूची किंवा गंभीर दुखापतीची वाजवी भीती असेल तर. म्हणजे पोटरीवर काठी बसली म्हणून काठी हिसकून परत मारली, तर बहुधा आपणच अडकतो. ‘सद्भावनेने’ या शब्दावर भांडता येते आणि आम्ही भांडतोही. जात काढून शिवी देत मारणाऱ्याची कसली सद्भावना? पण ते भांडण पुढे कोर्टात, पुराव्यानिशी भांडायचे असते. रात्री रस्त्यावर नव्हे. हा कायदा आपल्यासाठी न्याय्य आहे असे मी म्हणत नाही. तो असा आहे एवढेच सांगतो.

आणि तो शिपाई तरी कोण असतो? पुष्कळदा तोही कुठल्या मांगवाड्यातला, धनगरवाड्यातला, बारा-चौदा तास बंदोबस्ताला उभा राहिलेला असतो. वरचा साहेब गाडीत बसतो, कॉलर याची धरली जाते. दोन गरीब एकमेकांच्या गळ्याला आणि फिर्याद सरकारतर्फे, असा हा मामला आहे. त्यामुळेच पुढे दोघांत समेट झाला तरी खटला मिटत नाही. १३२ हा तडजोडीचा गुन्हा नाही. शिपाई स्वतः म्हणाला की जाऊ द्या, पोरगा चांगला आहे, तरी त्याच्या म्हणण्याने काम निघत नाही.

दारूच्या बाजूने कायद्याचे आणि आपले जुने वैर आहे. मुंबई राज्याने दारूबंदीचा कायदा १९४९ साली केला. तोच आज महाराष्ट्र दारूबंदी कायदा या नावाने चालू आहे आणि परवान्याशिवाय पिणे हा कागदावर आजही गुन्हा आहे. परमिट रूममध्ये बसणाऱ्यांपैकी कितीजणांच्या खिशात परवाना असतो ते कुणी तपासत नाही. धाड पडते ती पारध्यांच्या पालावर, कंजारभाटांच्या वस्तीवर, आपल्या झोपडपट्टीवर. गुन्हेगार जमातींचा कायदा १९५२ साली रद्द झाला, पण ठाण्यातली नजर अजून तीच आहे. म्हणून आपल्या माणसाच्या तोंडाला वास आला की अर्धा गुन्हा सिद्ध झाला असे ठाण्यात समजतात. कोर्टात तसे नसते. १९७१ साली बच्चूभाई करयानी यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की तोंडाला वास, अडखळती चाल, असंबद्ध बोलणे आणि विस्फारलेल्या बाहुल्या, एवढ्यावरून दारू प्याल्याचा निष्कर्ष काढता येत नाही. रक्त तपासले पाहिजे. त्यासाठी १९५९ चे नियम आहेत. नोंदणीकृत डॉक्टरने कमीत कमी पाच सी.सी. रक्त घ्यायचे, सुई-सिरिंज उकळत्या पाण्यात निर्जंतुक केलेली हवी, कातडी पुसायला स्पिरिट वापरायचे नाही, बाटली मोहोरबंद करून पाठवायची. शंभर भागांत ०.०५ भाग किंवा अधिक मद्य निघाले तर आपण औषध घेतले होते वगैरे सिद्ध करण्याचा बोजा आरोपीवर येतो. गाडी चालवणाऱ्याला माप याहून कडक आहे: मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ प्रमाणे शंभर मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम. पण कित्येक कागदांत रक्त घेतलेलेच नसते. डॉक्टरचा एक कागद असतो: ‘मद्याचा वास येत आहे’. एवढेच असेल तर दारूबंदीचे कलम लंगडे होते. पण फसू नका. १३२ च्या गुन्ह्याला प्यालेला असण्याची गरजच नसते. दारूचे कलम सुटले तरी कॉलरचे शिल्लक राहते.

पहिल्या रात्रीविषयी मी वस्तीत नेहमी सांगतो, कारण खटला पुढे कितीही वर्षे चालो, तो बराचसा त्या रात्रीच घडतो. घरच्यांनी ठाण्यासमोर जमाव करू नये. दुसरा गुन्हा होतो आणि दहा पोरे अडकतात. दोघांनी जावे, त्यांत एक बाईमाणूस असावे. अटक केली आहे का, कोणत्या कलमाखाली, एवढे विचारावे. अटकेचे कारण सांगणे घटनेच्या २२ व्या कलमाने बंधनकारक आहे, आणि प्रवासाचा वेळ सोडून चोवीस तासांत दंडाधिकाऱ्यापुढे उभे करणेही. १९९६ च्या डी. के. बसू निकालाप्रमाणे अटकेचा पंचनामा झाला पाहिजे, त्यावर घरच्या माणसाची किंवा वस्तीतल्या प्रतिष्ठिताची सही पाहिजे, आरोपीने मागणी केली तर अंगावरच्या जखमांची नोंद झाली पाहिजे आणि कोठडीत दर अठ्ठेचाळीस तासांनी वैद्यकीय तपासणी झाली पाहिजे. सात वर्षांपर्यंत शिक्षा असलेल्या गुन्ह्यात अटक केलीच पाहिजे असे नाही. का केली ते पोलिसांनी लिहून ठेवावे लागते, नाहीतर हजर राहण्याची नोटीस द्यावी. हे अर्णेशकुमार निकालात २०१४ साली सांगितले गेले, आणि नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५ मध्ये नोटिशीची तरतूद आहे. अजामीनपात्र म्हणजे जामीन मिळतच नाही, हा एक मोठा गैरसमज. जामीन हक्काने ठाण्यात मिळत नाही, कोर्टाकडे मागावा लागतो, एवढाच त्याचा अर्थ.

वकिलाला पैसे नाहीत म्हणून थांबू नये. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ प्रमाणे अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला फुकट वकील मिळतो, उत्पन्न विचारले जात नाही. कोठडीतल्या कुणालाही मिळतो. तालुक्याच्या कोर्टातच त्यांची समिती असते.

मार बसला असेल तर ते दंडाधिकाऱ्यासमोर पहिल्याच वेळी तोंड उघडून सांगावे. दुसऱ्या वेळी सांगितले की सरकारी वकील म्हणतो, मागाहून सुचलेले आहे. २०११ च्या त्या पोराने सांगितले नाही, कारण शेजारी तेच शिपाई उभे होते. जातिवाचक शिवीचेही तसेच आहे. ॲट्रॉसिटीच्या कायद्यात कलम ३(१) च्या (आर) आणि (एस) या पोटकलमांना शिवी लोकांच्या नजरेसमोर दिलेली असावी लागते. ऐकणारा कोण होता हे लगेच टिपून ठेवले नाही तर पुढे ती तक्रार ‘१३२ ला उत्तर म्हणून केलेली’ ठरते. ठाण्यातल्या कॅमेऱ्यांचा इथे उपयोग होतो. २०२० च्या डिसेंबरात परमवीरसिंग सैनी यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक ठाण्यात कॅमेरे लावून चित्रण अठरा महिने जपावे असा दंडक घातला. ते जपून ठेवा असा लेखी अर्ज पहिल्या आठवड्यातच द्यावा आणि पोच घ्यावी. कॅमेरा बंद होता असे उत्तर आले, तर तेही लेखी घ्यावे. पुढे कामाला येते.

गेल्या वर्षी, २०२५ च्या एप्रिलात, जयंतीच्या मिरवणुकीत तसेच झाले. बाबासाहेबांनी १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत दारू न पिण्याची एक प्रतिज्ञा आहे. आणि त्यांच्याच जयंतीला आमची पोरे पिऊन नाचतात. याचा मला जो संताप येतो तो मी इथे लिहीत बसत नाही. डीजे बंद करण्यावरून ढकलाढकली झाली आणि एका पोराला १३२ खाली धरले. पण या वेळी त्याच्या बहिणीने काय करायचे ते ऐकलेले होते. ती ठाण्यात गेली, अटकेच्या कागदावर तिने वाचून सही केली, सकाळी डॉक्टरपुढे भावाच्या मनगटावरचे आणि बरगडीवरचे वळ लिहून घेतले, चित्रणासाठी अर्ज दिला. दुसऱ्याच दिवशी जामीन झाला. फिर्यादीत ‘कॉलर पकडून’ आहे. मिरवणुकीतल्या एका मोबाईलच्या चित्रणात दोन शिपायांनी त्याला धरलेले आणि तो हात सोडवताना दिसतो. कॉलर दिसत नाही.

तो दर तारखेला मला विचारतो, “दादा, कबूल करून टाकू का? पोलीसभरतीचा फॉर्म भरायचाय.” मी त्याला सांगतो, फॉर्म भर, आणि खटला चालू आहे हे त्यात स्पष्ट लिही. अवतारसिंग यांच्या खटल्यात २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाने नोकरीच्या पडताळणीबाबत सांगितले की माहिती खरी द्यावी. ती दिल्यावर गुन्हा किरकोळ आहे की गंभीर ते पाहून नेमणूक द्यायची की नाही याचा विचार मालकाने करायचा. लपवल्यास मात्र लपवणे हेच नेमणूक रद्द होण्याचे कारण ठरू शकते. उद्या दोष सिद्ध झालाच, तर १९५८ च्या परिवीक्षा कायद्याच्या कलम ४ खाली चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडण्याची मागणी मी करीन. तसे सोडले तर शिक्षेमुळे येणारी अपात्रता कलम १२ प्रमाणे लागत नाही, जरी पोलीस खाते त्याचे वर्तन वेगळे तपासू शकते. २०११ च्या त्या पोरासाठी ही मागणी झाली असती. कबुली देतानासुद्धा झाली असती. कोर्टात ती करायला कुणी उभे नव्हते.

तो आता बाजारपेठेत एका दुकानात वायरिंगची कामे करतो. माझ्या ऑफिसचा पंखा त्यानेच बसवला. त्याची आई अजून भेटली की चौकशी करते, पण तो प्रश्न तिने पुन्हा विचारला नाही. जयंतीच्या पोराची पुढची तारीख पुढच्या महिन्यात आहे. शिपायाची उलटतपासणी व्हायची आहे. शर्ट जप्त केलेला नाही, हे मी दोषारोपपत्रात पाहून ठेवले आहे.